पोचल्याचा फोन

आमच्या घनसावंगीत विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. रेल्वे पाहायची तर परतूरला किंवा जालन्याला जावे लागते आणि विमान जमिनीवर उभे असलेले पाहायचे तर थेट चिकलठाण्याला. आमच्या आकाशात विमान दिसते ते फार उंचावरून जाणारे, नखाएवढे. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मला लहानपणापासून विमानांचे वेड लागले.

आमची मोसंबीची लहानशी बाग होती. शाळा सुटली की मी अब्बांना भाकरी घेऊन तिकडे जायचो आणि बांधावर उताणा पडून वर पाहत राहायचो. मुंबईकडून विदर्भाकडे जाणारी विमाने मागे पांढरी रेघ ओढत जायची. गावातली मुले त्याला रॉकेट म्हणायची. पुढे वाचनातून कळले की तो धूर नव्हे. इंजिनातून निघालेली वाफ त्या उंचीवरच्या उणे ४० अंशांच्या थंडीत गोठते आणि बर्फाचे बारीक कण तयार होतात, त्यांची ती रेघ. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते, ओली असेल तर बराच वेळ टिकते. मी वहीत तारीख, वेळ, दिशा आणि रेघ किती वेळ टिकली, एवढे लिहून ठेवायचो. अभ्यासाची वही इतकी नीट कधी नव्हती, असे अम्मी अजूनही सांगते.

२६ एप्रिल १९९३ चा दिवस आमच्या भागातले लोक विसरलेले नाहीत. चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान उडता उडता धावपट्टीच्या टोकाजवळच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकले आणि कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यातली ५५ गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला फोटो मी कितीतरी वेळ पाहत बसलो. अब्बांनी पेपर हातातून काढून घेतला आणि घडी करून वर ठेवून दिला.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. बागेवरून विमान गेले की ते हातातले काम थांबवत, वर पाहत आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणत, "उसमें बैठे सो लोगां कू अल्लाह खैरियत से घर पोंचाए." मग पुन्हा कुदळ उचलत. मी विमानाचा प्रकार ओळखण्यात गुंग असे. आत माणसे बसलेली आहेत, हे माझ्या डोक्यातही येत नसे.

शाळेतल्या एका गुरुजींनी माझे वेड ओळखले होते. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे नाव कळले. हैदराबादेत जन्मलेले लतीफ १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. जॅग्वार विमाने हवाई दलात आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९८२ ते १९८५ पर्यंत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, त्यामुळे ते मला आमच्याकडचेच वाटायचे. मी वैमानिक होणार, असे मी घरी जाहीर करून टाकले. पण लवकरच चष्मा लागला आणि घरची ऐपत तर सर्वांना ठाऊकच होती. परभणीला कृषी विद्यापीठात शिकलो आणि २००६ मध्ये जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत विक्री विभागात लागलो.

पहिल्याच वर्षी, फेब्रुवारी २००७ मध्ये, पगारातले पैसे साठवून बंगळूरचा एअर शो पाहायला गेलो. येलहंका हवाई तळावर १९९६ पासून 'एअरो इंडिया' भरते, साधारण दर दोन वर्षांनी. जालन्याहून रेल्वेने सिकंदराबाद, तिथून दुसऱ्या गाडीने बंगळूर. दोन रात्री जनरल डब्यात काढल्या. त्या वर्षी ६९ वर्षांचे रतन टाटा एफ-१६ लढाऊ विमानात बसून आकाशात जाऊन आले, त्याची सगळ्या पेपरांत चर्चा होती. मला मात्र लक्षात राहिले ते 'सूर्यकिरण' पथक. १९९६ मध्ये बिदरला स्थापन झालेले हे पथक तेव्हा एचएएलची किरण विमाने उडवायचे. नऊ विमाने एकमेकांच्या पंखाला पंख लावल्यासारखी वळत होती. कानाला आवाज नंतर यायचा आणि छातीला आधी जाणवायचा. डोळ्यांत पाणी आले, ते उन्हामुळे आले असे मी शेजारच्या माणसाला सांगितले.

नोकरीत मला विमानाने फिरायला मिळू लागले तेव्हा वाटले, आपले नशीब उघडले. गुंटूर, राजकोट, बठिंडा, कोइम्बतूर, कापूस आणि भाजीपाला जिथे जिथे, तिथे तिथे वितरकांच्या बैठका आणि शेतकरी मेळावे. मी प्रत्येक वेळी खिडकीची जागा मागायचो, पंखाच्या थोडे मागची. उतरताना पंखाच्या मागच्या बाजूने झडपा कशा बाहेर सरकतात, चाके कधी निघतात, हे सगळे पाहायचो. विमानाच्या शेपटीकडचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवायचो. आपल्या देशात नोंदवलेल्या प्रत्येक नागरी विमानाचा क्रमांक व्हीटी या अक्षरांनी सुरू होतो. तीन वह्या भरल्या.

२०११ मध्ये अब्बा हजला गेले. चिकलठाण्याहून हज यात्रेकरूंची विमाने सुटत होती, त्यामुळे अर्धे गाव निरोपाला आले होते. परत आल्यावर मी विचारले, "अब्बा, विमान कोणते होते?" ते म्हणाले, "बडा था." खिडकीतून काय दिसले, असे विचारले तर म्हणाले की तलबिया पढत होतो, खाली पाहायला फुरसत कोणाला होती? मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "परतताना चाके जमिनीला लागली तेव्हा वाटले, खालून कोणीतरी आपल्यासाठी दुआ केली असेल."

त्यानंतर दोनच वर्षांत बाग गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. आम्ही काही महिने टँकरने पाणी घातले, कर्ज झाले, शेवटी झाडे तोडून सरपण म्हणून विकली. घर आता माझ्या पगारावर आणि दौऱ्यांच्या भत्त्यावर चालणार होते. दौरे वाढवून मागितले. महिन्यातले वीस-बावीस दिवस मी बाहेर राहू लागलो.

विमानात माणूस नुसता बसलेला असतो, मग थकतो कशाने, असे मला अम्मी विचारायची. याचे उत्तर मी शोधून काढले होते. विमान ३५ हजार फुटांवर असते तेव्हा आतल्या हवेचा दाब जमिनीइतका ठेवलेला नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. आपले महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते ५,४०० फूट. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्याही वर जाऊन दोन तास बसून येतो. हवा इतकी कोरडी की ओलावा दहा-वीस टक्केच. त्यात पहाटेचे विमान पकडायचे तर घनसावंगीहून मध्यरात्रीच निघावे लागते. विमानतळावर रांगा, मग बैठक, मग हॉटेल, मग पुन्हा रांग. मान धरली, झोप गेली, रक्तातली साखर वाढली. आणि एके दिवशी काउंटरवर मुलीने विचारले, "विंडो की आयल?" माझ्या तोंडून आपोआप निघाले, "आयल." उतरून लवकर बाहेर पडता येते म्हणून. त्या दिवसापासून माझी वही बॅगेतून बाहेर निघालीच नाही.

बियाण्यांचा हंगाम म्हणजे मार्च ते जून. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये आला होता. मुसाफिराला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहे, पण मी जमेल तितके रोजे ठेवत होतो. एकदा कोलकात्याहून मुंबईला येताना संध्याकाळ विमानातच झाली. आतली मुलगी पाणी आणि खजूर ठेवून गेली. खाली अंधार पडला होता, गावांचे दिवे लागले होते, तिथे मगरिब होऊन गेली होती. माझ्या खिडकीत मात्र सूर्य अजून टेकलेला दिसत होता. त्या उंचीवर क्षितिज खाली जाते, त्यामुळे सूर्य जमिनीपेक्षा १३-१४ मिनिटे उशिरा मावळतो आणि विमान पश्चिमेला जात असेल तर आणखी लांबतो. इफ्तार तर डोळ्यांसमोरच्या सूर्याप्रमाणे करायची. खजूर हातात धरून मी बसलो होतो. घनसावंगीत या वेळी अब्बा, अम्मी, पत्नी आणि तीन वर्षांची लेक दस्तरखानावरून उठलीही असतील, असा विचार मनात आला. आमची घड्याळे एकच वेळ दाखवत होती, पण मी त्यांच्या दिवसात नव्हतो.

एवढे होऊनही एअर शोचे वेड गेले नव्हते, आणि त्या वेडापायी मी एकदा घरी खोटे बोललो. फेब्रुवारी २०१९ ची ही गोष्ट. बंगळूरची बैठक शुक्रवारी संपली होती. घरी सांगितले की काम शनिवारी लांबले आहे, आणि येलहंक्याला गेलो. त्या वर्षीच्या प्रदर्शनावर आधीच सावट होते. १९ फेब्रुवारीला सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांना धडकली होती आणि एका वैमानिकाचा जीव गेला होता. तरी मी गेलो. शनिवारी, २३ तारखेला, दुपारी वाहनतळावर आग लागली. वाळलेल्या गवतातून ती पसरत गेली आणि सुमारे ३०० गाड्या जळाल्या. काळ्या धुराचा लोट आम्हाला दिसत होता, पण काय झाले ते कळत नव्हते. सुदैवाने कोणी दगावले नाही. मात्र गर्दीमुळे फोन लागेना.

दीड तासाने लागला तेव्हा पलीकडे अब्बा होते. टीव्हीवर बातमी पाहून ते फोन हातात घेऊनच बसले होते. "खैरियत से है?" एवढेच त्यांनी विचारले. मी तिथे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मुलगा बंगळुरात आहे आणि एअर शो चालू आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. त्यांनी फोन माझ्या पत्नीकडे दिला. ती म्हणाली, "बरे आहात ना? मग ठेवते."

घरी आल्यावरही ती भांडली नाही. रात्री लेकीला झोपवता झोपवता म्हणाली, "बावीस दिवस कंपनीचे. उरलेल्या आठातले चार विमानांचे. आमचे कोणते ते एकदा लिहून द्या, म्हणजे आम्ही त्या दिवसांची वाट पाहू. आणि जायचेच होते तर सांगून जायचे. मी कधी नाही म्हटले?" मला उत्तर देता आले नाही. माफी मागितली, पण दौरे तसेच चालू राहिले.

जानेवारी २०२० मध्ये मी लखनौला होतो. रात्री अडीच वाजता भावाचा फोन आला. अब्बा झोपेतच गेले होते. उत्तरेत त्या दिवसांत दाट धुके असते. सकाळचे विमान दुपारी सुटले, दिल्लीतले पुढचे विमान चुकले. मी दिल्लीहून फोन करून विचारले, थांबता येईल का? अम्मी म्हणाली, "मय्यतला थांबवायचे नसते, बेटा. तू ये आरामात." असरनंतर जनाजा उठला. मी चिकलठाण्याला उतरलो तेव्हा रात्र झाली होती. मी आयुष्यभर ज्या यंत्राच्या वेगाचे कौतुक केले, त्यात बसूनही मी वडिलांना मिट्टी द्यायला पोचलो नाही. दोष कोणाचाच नव्हता. धुके हे धुकेच असते.

चाके टेकल्यावर सवयीने फोन चालू केला. आजूबाजूचे सगळे आपापल्या माणसांना "पोचलो" सांगत होते. मी फोन हातात धरून बसून राहिलो.

चाळिसाव्याच्या सुमारास पत्नीने मला भिंतीवरचे जुने कॅलेंडर दाखवले. तारखांच्या चौकोनांत अब्बांच्या अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या. माझी विमाने उतरण्याच्या वेळा. ते तिच्याकडून विचारून घेत आणि लिहून ठेवत. "तुमचा पोचल्याचा फोन येईपर्यंत ते जेवत नसत," ती म्हणाली. "मी म्हणायची, अब्बा, जेवून घ्या, त्यांना उशीर होतो. ते म्हणायचे, भूक नाही." मी कितीतरी वेळा उतरल्यावर आधी वितरकाला फोन करायचो, मग टॅक्सीवाल्याला, मग हॉटेलात जाऊन अंघोळ. घरी फोन रात्री दहाला, कधी तोही नाही. म्हणजे तेवढ्या रात्री माझे वडील उपाशी बसले होते. हे मला कोणी सांगितले नाही, कारण मी कधी विचारले नाही.

दोन महिन्यांनी लॉकडाऊन लागले. २५ मार्च ते २५ मे २०२० या काळात देशातली प्रवासी विमाने बंद होती. घनसावंगीच्या आकाशात रेघ उमटेना. बियाण्यांचे काम मात्र थांबले नव्हते, कारण शेतकऱ्याला पेरणी करायचीच होती. आम्ही सगळ्या वितरकांशी फोनवर बोललो, ऑर्डरी घेतल्या, माल पोचला. तेव्हा लक्षात आले की माझ्या वर्षभरातल्या दौऱ्यांपैकी निम्मे तरी फोनवर भागले असते. ते दौरे कंपनीने मागितले नव्हते. भत्त्यासाठी, आणि खरे सांगायचे तर घरच्या प्रश्नांपासून लांब राहता येते म्हणूनही, मीच ते मागून घेतले होते.

मी साहेबांना भेटून काम बदलून घेतले. आता मी बीजोत्पादन पाहतो. देऊळगाव राजाच्या परिसरात शेडनेटमध्ये मिरची आणि टोमॅटोचे बियाणे तयार होते, तिथे मोटारसायकलने जातो आणि बहुतेक वेळा संध्याकाळी घरी असतो. उत्पन्न कमी झाले. कर्जाचा शेवटचा हप्ता दोन वर्षे पुढे गेला. पत्नीने शिवणकाम सुरू केले आहे आणि घराचा हिशेब आता ती ठेवते. वर्षात पाच-सहा वेळा विमानाने जावे लागते. मी पुन्हा खिडकीची जागा मागतो, आणि विमान थांबून फोन लावायची परवानगी मिळाली की पहिला फोन घरी करतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही तिघे मिळून बंगळूरला गेलो, सांगून आणि ठरवून. लांबचा प्रवास होता, म्हणून लेकीला गाडीत अब्बास इब्न फिरनास यांची गोष्ट सांगितली. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात, म्हणजे आजच्या कॉर्डोबात, या विद्वानाने अंगाला पिसे आणि पंख बांधून उंचावरून झेप घेतली, असे सतराव्या शतकातल्या इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहून ठेवले आहे. काही अंतर ते तरंगत गेले, पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतो, ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. लेक म्हणाली, "म्हणजे त्यांनी उडायचाच विचार केला, घरी यायचा नाही?" तिची अम्मी खिडकीबाहेर पाहत हसली. मीही हसलो, पण मला ते लागायचे तिथे लागले.

त्या वर्षी अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ एकाच ठिकाणी आले होते. माझ्यासारख्याला त्याहून मोठे काय? पण लेकीला आवडली ती सूर्यकिरणची नऊ विमाने. ती आता हॉक प्रकारची आहेत. पत्नीने कानांवर हात ठेवले होते आणि मान वर होती. विमाने वळून आमच्या डोक्यावरून गेली तेव्हा मी तिच्या ओठांकडे पाहिले. ती काहीतरी पुटपुटत होती. मी विचारले, काय म्हणालीस? ती म्हणाली, "अब्बा म्हणायचे तेच. सवय झाली आहे."

लेकीला वैमानिक व्हायचे आहे. हैदराबादच्या जुन्या शहरातल्या बेकरी कामगाराची मुलगी सैयदा सलवा फातिमा हिने व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला, हे मी तिला सांगून ठेवले आहे. पुढचे ती ठरवेल. पण एक गोष्ट तिला आत्ताच शिकवली आहे. रात्री इशानंतर आम्ही गच्चीवर जातो. लाल-हिरवे दिवे लुकलुकत विमान जाते. ती आधी फोनवर पाहून ते कुठून कुठे चालले आहे ते सांगते, मग फोन खाली ठेवते आणि दोन्ही हात उचलते. तिच्या दादाजींचे वाक्य तिला पाठ आहे. ते म्हणून झाले की आम्ही खाली येऊन जेवायला बसतो.